हिरवा टाका

परत आलेल्या खोक्यातून सुनेने कोट बाहेर काढला. तिने नवाकोरा पाठवला होता. हा कोपरांवर विटलेला. “तुम्ही जुनाच पाठवलात,” असा गिऱ्हाइकाचा कांगावा होता. आणखी एक तक्रार मान्य झाली, तर साइट सासू-सुनेचं ऑनलाइन दुकानच बंद करणार होती. तिने पॅकिंगचा व्हिडिओ लावला. मधेच सासूबाईंचा हात घुसला होता, खिसा उलटा करत. “अगं, माझा हिरवा टाका दाखव की!” प्रत्येक खिशात आतून तो घालायची त्यांची खोडच. तेव्हा सून केवढी वैतागली होती! आता तिने आलेल्या कोटाचा खिसा उलटवला. टाका नव्हताच. पुरावे पाठवल्यावर तासाभरात तक्रार फेटाळली गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला. “आई, तुमच्या हातामुळे वाचलो!” सासूबाईंनी शिवणयंत्रावरून मानही उचलली नाही. “मग पुढच्या वेळी चेहरापण येऊ दे.”