स्वच्छ खाडी

खाडी साफ झाली तेव्हा कोळीवाड्याने त्या जंतूंच्या नावानेही एक नारळ वाहिला होता. शास्त्रज्ञांनी पाण्यात सोडलेल्या जंतूंनी वर्षभरात प्लास्टिकची पिशवीन् पिशवी फस्त केली. तळ दिसू लागला, बोय मासा परतला. म्हणून यंदा नारळी पुनवेआधी बायकांनी जाळी पुन्हा खाडीतच धुतली, अगदी सासवांच्या काळी धूत तशी.

पुनव झाली, जयवंतीचा नवरा हरेश खलाशांना घेऊन समुद्रात गेला. मागे राहिलेलं जाळं सांधायला जयवंती ओट्यावर बसली. तिने गाठ आवळली, तर नायलॉन भिजल्या पापडासारखं बोटांत विरघळलं. दुसरीकडे ओढून पाहिलं, तिथेही तेच. नवऱ्याची नवी बोट फायबरची होती.

ती मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसकडे धावत सुटली.

"आवं, मागं फिरा! जालं पान्यात टाकू नका!"

"फिरलोच हाय," हरेशचा आवाज खरखरत आला. "जाली ठेवलेली, तिथं बोटीचा तल मऊ पडलाय. पानी आत येतंय. पन तू घाबरू नको. शेजारची बोट निघालीय, तवर तरंगत राहू. जाकिटं घातलीत सगल्यांनी."

सणाला नवी दिसावीत म्हणून ती जाकिटं जयवंतीनेच खाडीत चोळून चोळून धुतली होती.