मागचं चाक

वैजनाथमामांनी जुन्या सायकलला मोटर अन् बॅटरी घरीच बसवली. आता फक्त मागचं चाक राहिलं होतं, म्हणून ते नायगावला पाशामियाँच्या सायकल दुकानात आले.

"एकट्याला पाहिजे असंल तर ही हलकी रिम अन् बारीक टायर घ्या," पाशामियाँ म्हणाले. "बॅटरी बाजाराला जाऊन-येऊन पुरंल. डबलसीट असंल तर जाड रिम अन् रुंद टायर लागंल. पण मग बाजारातून परत जाताना पायडल मारावं लागंल, आधीच सांगून ठेवतो."

"डबलसीटच द्या," मामा म्हणाले.

मामांच्या घरी दुसरं माणूस नाही, हे पाशामियाँना ठाऊक होतं. ते हसले. "या वयात लगीन करून राहिले की काय, मामा? मागं कोन बसनार?"

"वाटंनं जो हात करंल तो."

"अन् कुनीच न्हाई केला तर?"

मामांनी जाड रिम उचलली आणि हातात फिरवून पाहिली.

"पाशाभाई, आधी मागं सीट तर दिसू द्या. सीटच न्हाई म्हनल्यावर हात कोन करंल?"