बोथट जंतू

प्राध्यापकांनी जंतू उबवायच्या इन्क्युबेटरचं जड दार धाडकन आपटलं, तेव्हा बायकोच्या उजव्या हाताची बोटं फटीत होती. दारावरून रक्ताचा ओघळ आला.

"डोळे फुटलेत का तुझे?" असं म्हणून ते निघून गेले. हाताकडे त्यांनी पाहिलंही नाही. बावीस वर्षांत कधी पाहिलं होतं म्हणा!

ती त्यांच्याच हाताखाली जंतू वाढवायची. फार क्रूर जात. आतड्याच्या पेशीला चिकटायची, बारीक सुई भोसकायची, सुईतून विष आत ढकलायची. पेशी फुटून मरायची. प्राध्यापकांनी त्यातल्याच काही जंतूंची सुई काढून टाकली होती. हे बोथट जंतू म्हणजे त्यांची नवी लस. उद्या पाहुण्यांसमोर ते स्वतः ती पिऊन दाखवणार होते.

"आणि चुकून सुईवाले पोटात गेले तर?" प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी प्राध्यापकांना विचारलं.

"तर खांदा द्यायला या. त्यावर औषध नाही."

संध्याकाळी काकांनी तिची पट्टी बांधून दिली. "बाई, अजून किती सोसणार?"

"उद्यापर्यंत," ती म्हणाली.

दाराबाहेर प्राध्यापक थबकले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. पडद्यावर सुईवाले जंतू पेशींवर तुटून पडत होते, पेशी पटापट फुटत होत्या. टेबलावर दोन नळ्या होत्या. एकीच्या लेबलवर 'सुई', दुसरीच्या 'बोथट'.

प्राध्यापकांनी लेबलं जवळ घेऊन पाहिली. बायकोचं अक्षर मोत्यासारखं. हे वेडंवाकडं, थरथरतं, कुणा परक्याचं होतं. म्हणजे लेबलं कुणीतरी बदलली होती! बायको कोटाच्या खिशात हात घालून खाली बघत होती. पायाशी भरलेली बॅग होती. चोराच्या मनात चांदणं. त्यांना सगळा डाव कळला.

त्यांनी हसत 'सुई' लिहिलेली नळी उचलली, लेबल मुठीत झाकलं आणि ती घटाघटा रिकामी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ते बायकोजवळ आले आणि रिकामी नळी तिच्यापुढे धरली. "मला मारायला निघाली होतीस?"

तिने लेबल वाचलं.

"अहो, काय केलंत हे? मी तर फक्त घर सोडून जाणार होते!"

"खोटं! लेबलावर अक्षर तुझं नाही."

तिने खिशातून पट्टी बांधलेला उजवा हात बाहेर काढला.

"डाव्या हाताने लिहिलंय."