सांभाळून घेणारी

धाकटीची शाळेतल्या खास हुशार मुलांच्या वर्गात निवड झाली, थोरलीची झाली नाही. आईने थोरलीच्या देखतच धाकटीला बजावलं, "डोक्यात हवा जाऊ द्यायची नाही हं. ज्यांना जमत नाही, त्यांना सांभाळून घ्यायचं."

माहेरी आलेल्या आत्याला ते ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी थोरली बंद पडलेलं घड्याळ उघडून बसली होती. "आत्या, हे चाक फिरतं, मग काटा का गं हलत नाही?"

आत्या काही बोलायच्या आत धाकटीने ते घड्याळ अलगद काढून घेतलं आणि बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे ताई, उगीच डोकं दुखेल तुझं. तू आपली बाहुलीशी खेळ."

थोरली मुकाट्याने उठली आणि खरंच बाहुली शोधू लागली. आत्याला शिसारी आली. तिने भावजयीकडे पाहिलं.



भावजयीने कौतुकाने डोळे टिपले. "बघितलंत ना वन्सं? गर्वाचा लवलेश नाही पोरीला!"