क्लिअरन्सचं कपाट

दादरच्या फर्निचरच्या दुकानात कपाटावर पाटी होती: बत्तीस हजारांवर काट मारून सोळा. सेलचा शेवटचा दिवस. माझा पहिला पगार तेवढाच. मी कार्ड काढलं, आईने मनगट धरलं. “पोरा, बत्तीसला एक तरी विकलंस का?” तिने सेल्समनला विचारलं. “मीपण पापलेट हजाराचं सांगते नि पाचशेला देते. ते कोपऱ्यातलं केवढ्याला?” “मॉडेल बंद झालंय, मावशी. क्लिअरन्समध्ये नऊ.” आईने दारं उघडून बिजागऱ्या पाहिल्या. “हे खरं स्वस्त. बर्फ संपला की मीपण असंच देऊन टाकते. आठ कर.” त्याने आठचं बिल बनवलं. “मासळी विकता का, मावशी?” आई चपापून माझ्याकडे पाहू लागली. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर तिच्या नावापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. “विकते तर,” मी दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. “शीव कोळीवाड्यात. आई आहे माझी.”