मेरिडिथच्या दारातला डबा

डबा खाली टेकला तेव्हा जोलीन स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये बाळाला आंघोळ घालत होती. समोर मेरिडिथच्या दारात ट्रकवाल्याने आधी जाड फळ्या अंथरल्या, डांबरावर चरे पडू नयेत म्हणून. मग साखळ्या कुरकुरवत तो हिरवा लोखंडी डबा उतरवला. राडारोड्यासाठी भाड्याने आणलेला, एक खोली मावेल एवढा. ओवेनच्या डोळ्यांत साबण गेला, तो किंचाळला, तरी जोलीनची नजर खिडकीबाहेरच.

"काहीतरी जळतंय गं," तिचा नवरा रस मागून म्हणाला. "टोस्टर आहे की तू?"

"त्यांचं बाथरूम फोडतायत, रस."

"फोडू देत. आपलं न फोडताच फुटलंय." स्वतःच्या विनोदावर हसत रस कॉफीचा मग घेऊन कामाला गेला.

ओहायोतल्या त्या गल्लीतली सगळी घरं एकाच ठेकेदाराने बांधलेली. प्रत्येकात एकच बाथरूम, त्याच गुलाबी फरश्या, तसाच टब. जोलीनच्या टबाचा तळ गंजून त्याचे पापुद्रे निघाले होते. बाळाला बोचतात, म्हणून सिंक. ती रसच्या मागे लागून थकली होती. त्याचं उत्तर ठरलेलं, "पाणी धरतोय ना? मग टबच आहे तो." समोरच्या घरातही हेच गुलाबी दुःख आहे, एवढा तिला आजवर आधार होता. आता तोही घमेल्याघमेल्याने डब्यात पडत होता.

आणि त्या घरात माणसं किती, तर मेरिडिथ आणि टॉड. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गालिच्यावर सरबताचा एक डाग नाही. त्यांना कशाला हवं नवं बाथरूम?

मग शॉवरसाठी काचेची दारं आली. पितळी नळ आले. एका सकाळी दोन कामगारांनी टब बाहेर आणला. पांढराशुभ्र, एक टवका उडालेला नाही. त्यांनी तो झोका देऊन डब्यात भिरकावला. धाडकन आवाज झाला.

"घरातला एकुलता एक टब काढला त्यांनी," ती जेवताना म्हणाली. "उद्या घर विकायला निघाले तर लेकुरवाळं गिऱ्हाईक दारात उभं राहायचं नाही. एवढी साधी अक्कल नाही."

"तू घेणार होतीस का त्यांचं घर?" रस म्हणाला आणि बटाटे पुढे ओढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामगार जेवायला गेले होते. समोरच्या दोन्ही गाड्या नव्हत्या. भाड्याचा डबा दिसला की आसपासच्या जुन्या गाद्यांना आणि मोडक्या खुर्च्यांना पाय फुटतात, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पण लोक निदान विचारतात, नाहीतर अंधार पडायची वाट बघतात. जोलीनने दोन्ही केलं नाही. गॅरेजात बाळाचा लाकडी पलंग सुटा करून ठेवला होता. एका बाजूचा कठडा खाली सरकणारा. बाळं कठड्यात अडकतात म्हणून असले पलंग आता विकायला बंदी, फुकट दिला तरी कुणी घेत नाही. कठड्यावर थोरल्या मॅडीच्या दातांच्या खुणा होत्या. एकेक तुकडा तिने डब्यात टाकला. बरं वाटलं. त्यांच्या चैनीत तेवढाच आपला वाटा.

शनिवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मेरिडिथ. जोलीनने सबब मनात जुळवत दार उघडलं, आणि मेरिडिथचे सुजलेले डोळे तिला दिसले.

"दोन मिनिटं आहेत का गं तुला? आईला फोन केला तर ती रडत बसेल. कुणाला तरी सांगायचंय." ती उंबऱ्यातच थांबली. "आमच्या डब्यात बाळाचा पलंग सापडला. सुटा केलेला."

"मेरिडिथ, तो..."

"ऐक तर. टब आम्ही इतकी वर्षं कशासाठी ठेवला होता, ते तुला वेगळं सांगायला नको. यंदा डॉक्टर म्हणाले, आता थांबा. मग मीच म्हटलं, काढून टाकू सगळं, नवं करू. टॉड म्हणाला, बरं. नुसतं बरं. मला वाटलं, याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. इतकी वर्षं मी एकटीच वाट बघत होते." तिने बाहीने नाक पुसलं. "आणि आज तो पलंग दिसला. जुनाच आहे, कुणाचा तरी वापरलेला घेतला असेल बिचाऱ्याने. मी विचारलं, हा तू आणला होतास? माझ्यापासून लपवून ठेवला होतास?"

"मग?" जोलीनने विचारलं.

"कठड्यावरच्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, हो."

रस्त्यापलीकडे टॉड डब्यावर ताडपत्री ओढत होता. त्याने मान वर केली. जोलीन दारात उभी असलेली त्याला दिसली. क्षणभर तो थांबला, मग ताडपत्रीचं शेवटचं टोक घट्ट आवळलं.

"कोण आहे गं?" आतून टीव्हीच्या वर आवाज चढवून रस ओरडला. "आपलं काही नाही ना?"

मेरिडिथ रस्ता ओलांडून गेली. टॉडने हातमोजे काढले आणि तिच्या खांद्यावर हात टाकून तिला घरात नेलं. जोलीन त्या बंद झालेल्या दाराकडे बघत राहिली, आणि आठवडाभरात जळलं नव्हतं तसं तिचं काळीज आता जळू लागलं.