अडीच फूट माती

सगुणाबाईंचं खुरपं मागून घेऊन चैताली पारावर चढली आणि कडुनिंबाच्या बुंध्यालगतची माती उकरायला लागली. चैत्र सरून पंधरा दिवस झाले होते. नाशिकभरच्या कडुनिंबांना पालवी फुटून फुलोराही येऊन गेला, आणि पाथर्डी फाट्याजवळच्या या वसाहतीतलं चाळीस वर्षांचं झाड मात्र नुसत्या काटक्या घेऊन उभं होतं.

"मॅडम, आता उकरून काय उपयोग? वरातीमागून घोडं," खालून दिनेश म्हणाला. चौकांच्या सुशोभीकरणाचं काम घेतलेल्या कंपनीचा तो इंजिनियर. तीन वर्षांपूर्वी या चौकाचा आराखडा चैतालीनं केला होता, म्हणून झाड तोडायच्या अर्जाला तिचं पत्र लागत होतं. भला माणूस, पत्र टाइप करूनच घेऊन आला होता. झाड बुरशी लागून मेलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीपुरती जागा सोडली होती.

सगुणाबाई समोरच्याच घरात राहायच्या. त्यांच्या लग्नाच्या साली सासूबाईंनी हे झाड लावलेलं. "ताई, आम्ही काय कमी केलं नाय बघा," त्या म्हणाल्या. "पानं गळायला लागली तशा साऱ्या बायांनी पाळ्या लावल्या. रोजचे दोन हंडे. यंदा चौदा एप्रिलला पोरं पारावर बसली, पण उन्हात. लय वाईट वाटलं. पार मात्र तुम्ही देखणा बांधून दिला हां. आधी आम्हाला टेकायला जागा नव्हती."

यापेक्षा बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर चैतालीला बरं वाटलं असतं.

हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा बोटांना साल लागली. ओढली तशी ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी सुटून हातात आली. वास आला. खालचं लाकूड काळं पडलं होतं.

चांदवडकडच्या तिच्या आजोळी वडाला पार होता. चैताली लहानपणी त्याच्यावर खेळली होती, आणि शहरातल्या माणसांनाही तसं बसायला मिळावं म्हणून तिनं मोठ्या हौसेनं हा पार काढला. दगड कुठला, पायरी किती उंच, दुपारी चारला सावली कुठं पडेल, सगळं बघितलं. मग झाडाभोवती दगडी कठडा घालून आत अडीच फूट माती भरून घेतली. वडाला ते चालतं, तो मातीत नवी मुळं सोडतो. कडुनिंबाचा बुंधा असा पुरला की आतल्या आत साल कुजते आणि दोन-तीन वर्षांत झाड जातं. एवढं शिकलेल्या बाईनं सगळं पाहिलं, झाड कुठलं आहे तेवढं पाहायचं राहिलं. आणि बायांच्या हंड्यांनी त्यात भरच घातली, हे तर तिच्यानं सांगवेना.

"सगुणाबाई, याला रोग नाही लागला," ती म्हणाली. "हे पारामुळं मेलं. मी माती भरायला लावली, तिच्याखाली ते कुजलं. चूक माझी आहे."

"पारानं कधी झाड मरतं का?" सगुणाबाई हसल्याच. मग चैतालीचा चेहरा पाहून वर आल्या, खड्ड्यात हात घातला, सालीचा तुकडा काढून हुंगला. पदराला हात पुसून तिथंच बसल्या.

"म्हणजे ते पाणी आम्ही..."

चैताली उकरलेली माती बुंध्यापासून दूर सारत राहिली.

"मॅडम, हे असलं बोलू नका हो चारचौघांत," दिनेश पाराजवळ येत हलक्या आवाजात म्हणाला. "सही करा आणि मोकळ्या व्हा. तुमचा हा पार लोकांना एवढा आवडला, की याच ड्रॉइंगवर आपण अकरा चौकांत पार बांधले. गेल्या वर्षी."

"अकरा?" चैतालीनं विचारलं. "झाडं कुठली आहेत?"

"कडुनिंबच. रस्त्याकडेला दुसरं काय असतं?"

ती पारावरून जवळजवळ उडी मारूनच खाली आली. "दिनेश, ते सगळे फोडायला लागतील. निदान बुंध्याभोवतीची माती तरी काढा. या आठवड्यात काढली तर वाचतील. हे पत्र फाडा, मी खरं काय ते लिहून देते. माझ्या नावावर घ्या सगळं."

दिनेश वाईट माणूस नव्हता. त्यानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि मग मोबाईल काढून एक फोटो तिच्यापुढं धरला. तसाच पार, तीच पायरी. वर कडुनिंब असा काही बहरला होता की आभाळ दिसत नव्हतं. खाली म्हातारी माणसं पत्ते खेळत होती.

"कालचा आहे," तो म्हणाला. "आता सांगा, हा पार फोडायला गेलो तर लोक मला जिता सोडतील? वर काय कारण लिहू? एखादं झाड वाळू द्या, मॅडम. मग दाखवता तरी येईल."

चैतालीनं बोटांनी फोटो मोठा करून पाहिला; बुंधा तसाच मातीत गाडलेला होता.

"बघू," म्हणून सगुणाबाईंनी मोबाईल मागून घेतला. उन्हात नीट दिसेना, म्हणून पदराची सावली करून पाहिला. बराच वेळ पाहिला, आणि दिनेशला परत दिला.

"आमचंबी असंच होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "पार बांधल्याच्या दुसऱ्या वर्षी."